फियाट ११००: थंडीत टिकटिक, गरम झाली की ठकठक. इंजिन उतरवू का?

पन्हाळावारा (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. चार वर्षं इथे नुसता वाचतोय. आज गरज पडली म्हणून तोंड उघडतोय, त्याबद्दल आधीच माफी.

गाडी १९६८ची फियाट ११०० डिलाइट. आजोबांनी १९७१ साली सेकंडहँड घेतली. मधली अकरा वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती आणि तिथे मांजरीच्या दोन पिढ्या नांदून गेल्या. मागच्या दिवाळीत बाहेर काढली. टाकी धुतली, ब्रेक केले, वायरिंग बदललं. इंजिन मूळचंच आहे, १०८९ सीसी. आजोबा म्हणायचे कधी उघडलेलं नाही, निदान माझ्या हयातीत तरी नाही.

आता दुखणं. सकाळी स्टार्ट केली की वरच्या अंगाने टिकटिक येते, शिलाई मशीनसारखी. त्याचं मला फार वाटत नव्हतं. पण गेल्या दोन महिन्यांत वीस-पंचवीस मिनिटं चालली की खालून ठकठक सुरू होते. चाळिशी-पंचेचाळिशीला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की अगदी स्पष्ट ऐकू येते. सिग्नलला उभा राहिलो की ऑइलचा लाल दिवा मिणमिणतो, जरा रेस दिली की विझतो.

कोल्हापुरात तीन मिस्त्रींना दाखवली. पहिला म्हणाला, बिग एंड (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग) गेलंय, इंजिन उतरवायचं, क्रँक घासायचा, बोअर करायचं, पिस्टन नवे, पासष्ट-सत्तर हजार धरून चला. दुसऱ्याने बॉनेट न उघडताच तेच सांगितलं, फक्त आकडा वाढवून. तिसरा म्हणाला, "जुनी गाडी हाय, आवाज करणारच की." मला तिसरा आवडला, पण रात्री झोप लागत नाही.

मी काय केलं: व्हॉल्व्हचे टॅपेट फिलर गेजने (फट मोजायची पट्टी) मॅन्युअलप्रमाणे सेट केले (टिकटिक तशीच). प्लग नवे, पॉइंट साफ, टायमिंग बघून घेतलं. ॲव्हरेज बाराचं नऊवर आलंय, पण ते गावातल्या ट्रॅफिकमुळे असेल. तेल बदलून बाराशे किलोमीटर झाले. एक मात्र चांगलं आहे, इंजिन थेंबभरही तेल खात नाही. उलट डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या बोटभर वरच आहे. तेवढीच समाधानाची बाब.

इंजिन उतरवू का? जाणकारांनी सांगावं.

---

बसल्याजागी | शनिवार, रात्री १०:५२

रेडिओचा आवाज वाढवा. पन्नास रुपयांत काम.

---

काळीपिवळी | शनिवार, रात्री ११:२०

वर जे लिहिलंय त्याच्या बरोबर उलटं करा. बाबांनी सव्वीस वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली. तुमची डिलाइट म्हणजे तिची थोरली बहीण, इंजिन तेच. गाडी वेगळं काही बोलायला लागली की बाबा पॅसेंजरला सांगून रेडिओ बंद करायचे आणि पुढची दोन-तीन सिग्नलं नुसते ऐकत बसायचे. २०२३च्या ३० ऑक्टोबरला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी ते घरात कुणाशी फार बोलले नाहीत. असो.

सगळ्यात स्वस्त तपासणी आधी करा. फॅन बेल्ट काढा आणि इंजिन मिनिटभरच चालवा, जास्त नाही, कारण पाण्याचा पंप बंद असतो. आवाज गेला तर डायनॅमोचं बुश नाहीतर वॉटर पंपाचं बेअरिंग. पुढची पुली चावीवर सैल असेल तीही बेल्ट काढल्यावर हाताने हलवून कळते. सैल पुली अगदी बिग एंडसारखी ठोकते. त्या आवाजापायी उगाच इंजिन उतरवलेल्या दोन गाड्या मी स्वतः बघितल्यात.

आणि तेल जरा जाड टाका. दिवा लुकलुकायचा थांबेल.

---

सात_नंबरचा_पाना | रविवार, सकाळी ७:१५

जाड तेल टाकलं की दिवा थांबेल हो, पण दिवा का लुकलुकतोय ते कळायचं राहूनच जाईल. ताप मोजायच्या आधी क्रोसिन नको.

धागाकर्ते, तुमच्याकडे दोन आवाज आहेत आणि तुम्ही (तुमच्या मिस्त्रींनीही) ते एकाच पोत्यात भरलेत. टिकटिक आणि ठकठक यांचा एकमेकींशी काही संबंध नाही असं धरून चला. मी कारखान्यात डिझेल इंजिनांच्या टेस्ट बेडवर काम करते, गाड्या हा छंद. आधी एवढं करा:

एक, लांब स्क्रूड्रायव्हर घ्या. टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला. टॅपेट कव्हर, टायमिंग चेनचं कव्हर, पेट्रोल पंप, ब्लॉकची खालची कड, प्रत्येक सिलिंडरसमोर एकेक. ओढणी, टाय, सैल बाही फॅनपासून दूर. हे मी अनुभवाने सांगतेय.

दोन, गरम इंजिन ठकठकत असताना एकेका प्लगची वायर काढून तिचं टोक ब्लॉकला टेकवून धरा, रबरी मुठीच्या पकडीने. नुसती लोंबकळत सोडू नका. कुठल्या सिलिंडरला आवाज कमी होतो ते लिहून ठेवा.

तीन, फोनवर रेकॉर्ड करा आणि हळू करून ऐका. ८०० आरपीएमला क्रँक सेकंदाला तेरा फेरे घेतो, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) त्याच्या निम्मे. ठोका सेकंदाला सहा-सात आला तर कॅमच्या बाजूचं दुखणं, तेरा आला तर क्रँकचं.

---

चोखंदळ | रविवार, सकाळी ९:०५

विषय छान आहे, पण शीर्षकाच्या टॅगमध्ये 'व्हिंटेज' लिहिलंय ते दुरुस्त करावं. व्हिंटेज म्हणजे १९३० सालापर्यंतच्या गाड्या. १९६८ची फियाट 'क्लासिक' होईल.

---

काळीपिवळी | रविवार, सकाळी ९:३०

आपल्या सरकारला सांगा. २०२१च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज. 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. म्हणजे या गाडीला व्हिंटेज म्हणायला कायद्याने मुभा आहे.

---

चोखंदळ | रविवार, सकाळी ९:४१

कायद्याची व्याख्या निराळी, संग्राहकांची निराळी. असो, माझा मुद्दा मांडून झाला.

---

म्हापसेकर | रविवार, दुपारी १२:१०

आमच्याकडे डिलाइटच्या आधीची, डुक्कर फियाट होती. पुढची दारं उलटी उघडायची ती. नाकावरून डुक्कर म्हणायचे की पाठीमागून बघून, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. पावसाळ्यात तिच्या दारात बेडूक बसायचे. आवाजाबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, आठवण आली म्हणून लिहिलं.

---

पन्हाळावारा | रविवार, संध्याकाळी ७:३५

सगळ्यांचे आभार. दिवसभर यातच होतो, बायको माहेरी गेलीय म्हणून जमलं.

बेल्ट काढून बघितला: काही फरक नाही. पुली घट्ट आहे, डायनॅमोही हाताने सुरेख फिरतो.

स्क्रूड्रायव्हर: टिकटिक टॅपेट कव्हरवर, पुढच्या बाजूला जास्त. ठकठक ब्लॉकच्या खालच्या कडेला, तिसऱ्या सिलिंडरसमोर सगळ्यात जोरात. पेट्रोल पंपाला लावलं तिथेही चट् चट् ऐकू येतं, पण बारीक.

प्लग: पहिला, दुसरा, चौथा काढला तर ठकठक तशीच. तिसरा काढला आणि ठकठक निम्म्याहून कमी झाली.

रेकॉर्डिंग: सेकंदाला सहा-सात ठोके. म्हणजे कॅमचं दुखणं ना? बिग एंड वाचलं?

---

जुनाफोरमन | रविवार, रात्री ९:००

नाही वाचलं.

पानाताई, तुमचा हिशोब पुस्तकात बरोबर आहे. पण सैल बिग एंड जास्तीत जास्त ठोकतो तो स्फोट होऊन पिस्टन खाली ढकलला जातो तेव्हा, आणि चार स्ट्रोकच्या इंजिनात ते दोन फेऱ्यांतून एकदाच होतं. म्हणजे तोही सहा-सातच येऊ शकतो. मोजणीवर विसंबू नये. प्लग काढल्यावर आवाज दबला, गरम झाल्यावरच येतो, पाय काढला की वाढतो, दिवा मिणमिणतो. चारही बोटं एकाच दिशेला आहेत. पिस्टन मारत असता तर थंडीत जास्त मारला असता आणि गरम झाल्यावर गप्प बसला असता. मेन बेअरिंग असतं तर चढाला खोल धप्प-धप्प आली असती आणि एका प्लगने एवढा फरक पडला नसता.

पण बिग एंड हे आवाजाचं नाव झालं. दुखणं दुसरंच आहे आणि ते धागाकर्त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये स्वतः लिहिलंय. वर समाधानही मानलंय.

पंचावन्न वर्षांचं इंजिन बाराशे किलोमीटरमध्ये थेंबभर तेल खात नाही? आणि वर डिपस्टिक चढते? तेल इंजिनात तयार होत नसतं, साहेब. डिपस्टिक काढा, नाकाला लावा, आणि वास कशाचा येतो ते इथे लिहा.

(एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं काढली. मिसळ खाऊन निवांत लिहा, पण तोवर गाडी चालू करू नका.)

---

पन्हाळावारा | रविवार, रात्री ९:१४

पेट्रोल.

---

सात_नंबरचा_पाना | रविवार, रात्री ९:२०

फोरमनकाका, दंडवत. मी ती ओळ दोनदा वाचली होती आणि दोन्ही वेळा पुढे गेले. मोजणीचंही मान्य.

---

पन्हाळावारा | रविवार, रात्री ९:२२

काका, पेट्रोल चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) गेलंच कसं? कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत नाही, ते मी बघितलंय.

---

जुनाफोरमन | रविवार, रात्री १०:०५

एसी पंप.

---

बसल्याजागी | रविवार, रात्री १०:०८

१९६८च्या गाडीला एसी होता?!

---

जुनाफोरमन | रविवार, रात्री १०:३०

गारव्याचा एसी नव्हे. इंजिनाच्या अंगाला बसवलेला पेट्रोल पंप, त्याला आपल्याकडे सगळे मिस्त्री एसी पंपच म्हणतात. एसी हे अमेरिकन कंपनीचं नाव, अल्बर्ट चँपियन या माणसाच्या आद्याक्षरांवरून पडलेलं. डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' म्हणतात तेही कंपनीचंच नाव. कंपन्या गेल्या, नावं गॅरेजात राहिली.

या पंपाचा लिव्हर कॅमशाफ्ट हलवतो. लिव्हर एक डायफ्राम खालीवर करतो. वरच्या बाजूला पेट्रोल, खालच्या बाजूला इंजिनाचं पोट. दोघांच्या मध्ये फक्त तो रबरी पडदा. पडदा फाटला की पेट्रोल सरळ तेलात. म्हणून ॲव्हरेज बाराचं नऊ झालं. ट्रॅफिकला उगाच बोल लावू नका.

आता उद्या दिवसाउजेडी पंप काढा आणि त्याच्या बुडाशी एक बारीक भोक आहे का बघा. डायफ्राम फाटला तर पेट्रोल त्या भोकातून बाहेर ठिबकावं, म्हणजे चालवणाऱ्याला कळावं, अशी सोय बऱ्याच पंपांत केलेली असते. ते भोक उघडं आहे की बुजलंय, मला सांगा. जवळ बिडी-काडी नको. आणि कुणी जुना माणूस "डिपस्टिक पेटवून बघू" म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

---

सात_नंबरचा_पाना | सोमवार, सकाळी ७:४०

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते, म्हणजे ठकठकीचा आणि पेट्रोलचा मेळ लागेल.

चालू इंजिनात क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) आणि बेअरिंगचा शेल (त्याभोवतीचं अर्धगोल अस्तर) एकमेकांना टेकतच नाहीत. मध्ये तेलाचा थर असतो, केसाहून पातळ. फिरणारा जर्नल ते तेल स्वतःच पाचरीसारखं आपल्याखाली ओढून घेतो आणि त्यावर तरंगतो. स्फोटाचा सगळा दणका तो थर झेलतो. त्यासाठी तेलाला दाटपणा हवा. त्यात पेट्रोल मिसळलं की दाटपणा जातो. थंड असताना कसंबसं निभावतं, गरम झालं की तेल पाण्यासारखं होतं, थर फाटतो आणि धातूवर धातू आपटतो. दिवाही त्यामुळेच: पातळ तेल बेअरिंगच्या फटींतून भराभर निसटतं, पंपाला दाब धरता येत नाही.

आता प्रश्न एवढाच की शेल अजून शाबूत आहे की झिजून गेलाय. ते तेल बदलल्यावर कळेल.

---

लीड्सकर | सोमवार, दुपारी १:१५

इकडून नमस्कार. माझी १९६१ची मॉरिस मायनर. तिला विजेवर चालणारा एसयू पंप आहे, त्यामुळे ही भानगड होऊच शकत नाही. फक्त तो स्वतःच टकटक करतो आणि मी पहिल्या आठवड्यात त्यालाच इंजिनाचा रोग समजलो होतो. माझा सल्ला टिकटिकीबद्दल, ती बिचारी सगळे विसरले.

फिलर गेजने टॅपेट बरोबर सेट होऊनही वाजत असतील तर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी पट्टी) काढून त्याचं टोक बघा, जिथे तो व्हॉल्व्हच्या दांडीला टेकतो ते. वर्षानुवर्षं आपटून तिथे खळगा पडतो. गेजची पट्टी सपाट, ती खळग्याच्या दोन काठांवर पुलासारखी बसते. पट्टी सांगते अंतर बरोबर, प्रत्यक्षात खळग्याच्या खोलीएवढं जास्तच असतं. माझ्या गाडीत आठपैकी पाच रॉकर असे निघाले. नखाने चाचपलं तरी कळतं.

---

पन्हाळावारा | मंगळवार, रात्री ११:२०

बसा, मोठी गोष्ट आहे.

पंप काढला. फोरमनकाकांनी सांगितलेलं भोक आहे. आणि ते एम-सीलने बुजवलेलं आहे! बोटाचा ठसासुद्धा आहे त्यावर. आता आठवलं. दिवाळीनंतर गाडीखाली पेट्रोलचे थेंब पडायचे म्हणून एका गॅरेजला दिली होती. संध्याकाळी "लीकेज काढलं" म्हणून अडीचशे रुपये घेतले आणि मी त्याला वर चहाही पाजला. नाव लिहीत नाही. लीकेज काढलं नव्हतं, आत वळवलं होतं.

डायफ्रामला कडेने चंद्रकोरीसारखी चीर. रबर हाताला चिकट लागतंय.

तेल काढून जुन्या बिसलरीच्या बाटल्यांत मोजलं. जेवढं भरलं होतं त्याच्यापेक्षा जवळजवळ अर्धा लिटर जास्त! भांड्यातून ओततानाच पातळ कढीसारखं पडत होतं.

---

म्हापसेकर | बुधवार, सकाळी ८:५०

रबर चिकट म्हणजे पेट्रोलमधलं इथेनॉल. आता सगळीकडे वीस टक्के मिसळलेलंच मिळतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. माझ्या स्कूटरची पेट्रोलची नळी वर्षात फुगली.

---

चोखंदळ | बुधवार, सकाळी ९:२५

सरसकट इथेनॉलवर खापर फोडायची पद्धत पडलीय. अकरा वर्षं शेडमध्ये पडलेला डायफ्राम साध्या पेट्रोलनेही फाटला असता.

---

जुनाफोरमन | बुधवार, सकाळी १०:१०

दोघंही बरोबर. जुना कोरडा पडलेला पडदा, त्यात इथेनॉल. नवीन कीट घेताना इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं मागा, आणि नळ्याही सगळ्या त्याच वेळी बदला. पंपाखालची पॅकिंगं जेवढ्या जाडीची निघाली तेवढ्याच जाडीची बसवा. पॅकिंग पातळ झालं तर लिव्हर जास्त हलतो, जाड झालं तर पेट्रोल कमी चढतं.

आणि ते एम-सील सुईने नीट कोरून काढा. ते भोक हीच गाडीची जीभ आहे.

---

पन्हाळावारा | रविवार, दुपारी ४:००

आठवड्याचा हिशोब:

पंपाला कीट टाकलं, भोक मोकळं केलं, नळ्या बदलल्या. पानाताईंनी व्यनित (खासगी निरोपात) सांगितल्याप्रमाणे आधी स्वस्तातलं तेल भरून दहा मिनिटं नुसती आयडलवर चालवली, ते काढलं, मग फिल्टर आणि नवीन २०डब्ल्यू-५० तेल.

रॉकर: लीड्सकर, पाचांची पैज हरलात. सहा निघाले. शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून घासून गोल करून आणले. त्याने आधी दगड बघितला, मग रॉकर, मग मला, आणि म्हणाला, "किती वर्सांनी हे काम आलं!" टिकटिक आता इतकी बारीक की मला ऐकायला वाकावं लागतं.

ठकठक: ऑइलचा दिवा आता गरम आयडललाही विझलेला राहतो. ठोका बराच कमी झाला, पण गेला नाही. चाळिशीला पाय काढला की अजून एक हळू टुक्-टुक्. तिसरा प्लग काढला की गायब.

एवढ्यावर चालवावी का? महिन्यातून दोनशे किलोमीटरच तर फिरते.

---

काळीपिवळी | रविवार, दुपारी ४:४५

चालवा हो. टॅक्स्या असल्या आवाजावर सहा-सहा महिने पळाल्यात.

---

जुनाफोरमन | रविवार, संध्याकाळी ६:००

टॅक्सीच्या वेळी कुर्ल्यात प्रीमियरचा कारखाना चालू होता. ब्लॉक फुटला तर दुसरा मिळत होता. आज कारखान्याच्या जागी इमारती आहेत. शेलचा सेट अजून मिळतो. झिजलेला शेल एक दिवस जर्नलवर फिरतो, मग रॉड तुटून ब्लॉकच्या कुशीतून बाहेर येतो. तो ब्लॉक कुठून आणणार?

चेंबर उतरवा. इंजिन नाही, फक्त चेंबर. तिसऱ्या रॉडची कॅप (बिग एंडचा खालचा अर्धा भाग) काढा, शेल बघा. कॅपवर आणि रॉडवर आधी खुणा करा, कॅप उलटी किंवा दुसऱ्या रॉडला बसवायची नाही. शेलच्या पाठीवर आकडा कोरलेला असेल, तो लिहून ठेवा.

---

काळीपिवळी | रविवार, संध्याकाळी ६:२०

कारखान्याचं बोललात, गप्प झालो. शेल लागले तर मी कुर्ल्यात सीएसटी रोडला बघतो. घरापासून दहा मिनिटांवर आहे.

---

पन्हाळावारा | शनिवार, रात्री १०:३०

चेंबर उतरवला. कसा, ते वेगळं महाभारत आहे आणि त्यात शेजारच्या दोन पोरांचा आणि एका जॅकचा मोठा वाटा आहे.

तेलाच्या जाळीत सिलिकॉनच्या शेवया अडकलेल्या होत्या. कधीतरी कुणीतरी पॅकिंगला सढळ हाताने चोपडलेलं. साफ केल्या.

पहिला, दुसरा, चौथा शेल: करडे, बारीक ओरखडे, बाकी ठीक. तिसरा: वरच्या अर्ध्या शेलचा करडा थर मधोमध पार गेलेला, खालून तांबं चमकतंय. जर्नलवर मात्र नख अडकत नाही. पाठीवर '०२०' कोरलंय.

---

सात_नंबरचा_पाना | शनिवार, रात्री १०:५०

म्हणजे क्रँक आधी एकदा वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासलेला आहे. "इंजिन कधी उघडलेलं नाही" ही आजोबांची फेकाफेक होती.

नख अडकत नाही ही सगळ्यात चांगली बातमी. तरी मायक्रोमीटर लावून घ्या, उभं-आडवं दोन्ही. तिसऱ्याला गोलाई राहिली असेल तर घासायची गरज नाही, पॉलिशवर भागेल.

---

पन्हाळावारा | मंगळवार, रात्री ९:१५

उद्यमनगरातले तेच लेथवाले मायक्रोमीटर खिशात घालून घरी आले, गाडीखाली झोपले. जर्नल अर्ध्या थाऊच्या आत गोल. म्हणाले घासू नका, आणि तिथेच पडल्या पडल्या पॉलिश पट्टीने पुसून दिला. पैसे घेईनात. शेवटी आईने भाकरी-झुणका खायला बसवलं.

आजोबांबद्दल: आईला विचारलं. १९८३ साली गाडी दोन महिने कराडला होती, का ते कुणाला सांगितलं नव्हतं.

---

काळीपिवळी | गुरुवार, दुपारी २:३०

शेल कुरिअर केले. पण एक गंमत ऐका. खोक्यावर ०२० लिहिलेलं, दुकानदार शपथेवर ०२० म्हणतोय. फोरमनकाकांचं ऐकून पाठीवर बघितलं तर चारपैकी एक जोडी ०३०! दुकानातच दुसरी तीन खोकी उघडून जुळवाजुळव केली. दुकानदार नंतर म्हणाला, "एवढं कोण बघतं?" त्याला या धाग्याची लिंक देणार होतो.

---

जुनाफोरमन | गुरुवार, दुपारी ३:१०

शाब्बास. ०३० बसवली असती तर कॅप आवळल्यावर क्रँक हललाच नसता. तेवढ्यावर थांबणारे थांबतात, काही जण शेल घासून बसवतात.

बसवताना प्लास्टिगेजची तार (आवळल्यावर चपटी होते, त्यावरून फट कळते) लावून फट मोजा. जर्नलच्या व्यासाला इंचामागे एक थाऊ हा आमचा जुना ठोकताळा, त्याच्या आसपास आलं की पुरे. चारही शेल बदला, एकटा तिसरा नको. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा, अंदाजाने नाही. आणि स्टार्ट करण्याआधी प्लग काढून सेल्फवर फिरवा, दिवा विझेपर्यंत. कोरड्या बेअरिंगवर पहिला स्फोट देऊ नका.

---

पन्हाळावारा | रविवार, रात्री ८:४५

फट दोन थाऊच्या आत आली, चारही ठिकाणी. प्लग काढून सेल्फ मारला, दिवा विझला, मग प्लग लावून स्टार्ट केली.

पहिली पाच मिनिटं मी आणि शेजारची दोन पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. कुणी बोलेना. मग त्यातला धाकटा म्हणाला, "काका, बंद पडली काय?"

आज पन्हाळ्याला जाऊन आलो. वाघबीळच्या चढाला तिसऱ्या गिअरवर, उतरताना मुद्दाम चार-पाच वेळा पाय काढून बघितला. काहीही नाही. खर्च: कीट, नळ्या, तेल दोनदा, शेल, पॅकिंग, कुरिअर मिळून सात हजारांच्या आत. पासष्ट हजारवाल्या मिस्त्रीला सोमवारी ऐकवून येणार आहे, आवाज न करणारी गाडी.

---

जुनाफोरमन | रविवार, रात्री ९:३०

त्याचं निदान चूक नव्हतं, बिग एंड गेलंच होतं. पण त्याने सत्तर हजार घेऊन सगळं नवीन केलं असतं आणि तोच पंप परत बसवला असता. सहा महिन्यांत पुन्हा ठकठक. त्याला तेवढंच सांगा, भांडू नका.

पाचशे किलोमीटरला तेल बदला. दर रविवारी डिपस्टिक, बघायची पण आणि हुंगायची पण.

---

बसल्याजागी | सोमवार, सकाळी ८:०५

सगळा धागा वाचला. माझी ८७ची पद्मिनी आहे, कधी बोललो नाही. आत्ता खाली जाऊन बघून आलो, तेल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर आहे. काळजी करू का?

---

जुनाफोरमन | सोमवार, सकाळी ८:०९

रेडिओचा आवाज वाढवा.

(चावी काढून ठेवा आणि पंपाखालच्या भोकाचा फोटो टाका.)